आधी जीपखाली झोपा, मग ग्राइंडर उचला

माझी सगळी नोकरी चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपात पत्राकामाला गेली. तिथं बसची बॉडी बांधायची, म्हणजे हात कायम ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर. त्याला लोखंडासारखा तांबडा गंज धरत नाही. त्यामुळे गंजाशी माझी खरी गाठ पडली ती रिटायर झाल्यावर, बदनापूर तालुक्यातल्या आमच्या गावी, भाच्यानं मिलिटरीतून निघालेली जुनी जीप ट्रॅक्टरमागं बांधून दारात आणली तेव्हा.

"मामा, इंजिन टकाटक आहे. थोडं डेंटिंग-पेंटिंग करायचं, बस्स."

ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा मी अंगठ्यानं दाबला. शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा मोडला, आणि खाली अंगणातली शहाबादी फरशी दिसली.

ते काम पुरं व्हायला दोन उन्हाळे लागले. एकात झालं असतं. दुसरा माझ्या चुकीनं लागला, ती पुढं सांगतो. ज्याच्या दारात अशीच एखादी जीप उभी आहे, घरी ग्राइंडर आहे, वेल्डिंग थोडंफार येतं आणि डेंटरनं सांगितलेला आकडा ऐकून जो मुकाट्यानं घरी परतलाय, त्याच्यासाठी हे लिहितोय.

आमची गाडी महिंद्राची सीजे-३बी. विलीज कंपनीनं १९५३ साली अमेरिकेत बाजारात आणलेलं हे मॉडेल महिंद्रानं आपल्याकडं परवान्यावर वर्षानुवर्षं बनवलं, आणि लष्करानंही वापरलं. ओळखायला सोपी: बॉनेट उंच, मान ताठ केलेल्या खोंडासारखं. आतलं हरिकेन इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं, म्हणून बॉनेट वर न्यावं लागलं. घरी काम करणाऱ्याला ही गाडी बरी पडते, कारण पत्रा जवळजवळ सगळा सपाट आहे. आजच्या गाड्यांसारखे वळसे-गोलावे नाहीत. सरळ कापता येतो, सरळ वाकवता येतो. जोंगा असो की दुसरी कुठली जुनी लष्करी गाडी, पत्रा बदलायची रीत हीच. फक्त कुठं काय सडतं ते प्रत्येकीचं वेगळं.

आमच्याकडं गंज येतो कुठून

लोक म्हणतात, मराठवाड्यात कसला आलाय गंज, इथं प्यायलाच पाणी नाही. खरंय. कोकणासारखी खारी हवा नाही, पाऊसही सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही झाला तर. पण पाऊस किती पडला याच्याशी गंजाला देणंघेणं नाही. पाणी एका जागी किती दिवस बसून राहिलं, त्यावर त्याचं चालतं. आणि आपली काळी माती पाणी धरून ठेवण्यात पटाईत. पावसाळ्यात शेतातून आलेल्या गाडीच्या चाकावरच्या खाचांत चिखल भरतो, तो वरून वाळतो आणि आतून ओलाच राहतो. या जीपच्या मागच्या कोपऱ्यातली माती मी दिवाळी उलटल्यावर उकरली, तरी बोटाला गार लागली.

दुसरा वैरी खत. मधल्या मालकानं ही जीप मोसंबीच्या बागेत वापरलेली. मागं युरियाची, पोटॅशची पोती. फुटक्या पोत्यातून सांडलेलं खत हवेतली ओल ओढून घेतं आणि पत्र्यावर खारं पाणी करून बसतं. आपण ज्याला पोटॅश म्हणतो ते बहुतेक वेळा क्लोराइड असतं, मिठाचाच चुलतभाऊ. म्हणजे कोकणातली हवा आम्ही पोत्यात भरून इथं आणली. त्यावर बोअरचं जड पाणी मारून गाडी धुवायची आणि ओलीच शेडमध्ये लावायची. मग वरून कितीही रंग मारा.

म्हणून पहिलं काम रंगाचं नाही, वेल्डिंगचंही नाही. गाडी खालून धुवायची. प्रेशरचा पाइप असेल तर उत्तम, नसेल तर फवारणीचा पंप स्वच्छ धुऊन घ्या. पण ज्या पंपातून तणनाशक मारलंय तो नको. प्रत्येक खाच, प्रत्येक भोक. मग दोन दिवस कडक उन्हात उभी करा, आणि तिच्याखाली गोणपाट टाकून झोपा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. चार लोखंडी घोड्या किंवा बाभळीचे जाड ठोकळे लावा, चाकांना दगड द्या, आणि आत शिरण्याआधी गाडीला खांद्यानं दोन धक्के देऊन बघा.

ठोकून बघा, टोचून बघा

हातात तीन गोष्टी घ्या: जाड पेचकस, हलकी हातोडी आणि जुन्या स्पीकरमधला चुंबक. चुंबकाला फडक्याचा एक पदर गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडे पडत नाहीत. तो पत्र्यावरून फिरवत न्या. जिथं घट्ट धरतो तिथं लोखंड आहे. जिथं निसटून पडतो तिथं कुणीतरी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून ठेवलीय. आमच्या जीपच्या डाव्या बाजूला चुंबक वीतभर जागेत धरेचना. खरवडलं तर लांबी बोटाएवढी जाड, आणि तिच्या मागं आधाराला चक्क पोत्याचा तुकडा.

हातोडीनं हलके ठोकत चला. चांगला पत्रा वाजतो, कुजलेला बद्द बोलतो. बद्द वाटलं की पेचकस टोचायचा. मनाला लावून घ्यायचं नाही. आज पेचकस गेला नाही तर पुढच्या वर्षी टाच जाईल.

मी खडूनं तीन खुणा करतो. नुसता वरचा तांबूस थर असेल तर टिकली. खड्डे पडलेत, पापुद्रे सुटतायत पण पेचकस आरपार जात नाही, तिथं गोल. आरपार गेला तिथं फुली. टिकलीला वायर ब्रश आणि पॉलिश पेपर पुरतो. फुली म्हणजे कापायचंच. गोलाचं मात्र तुमच्या तुम्ही ठरवायचं. माझा हिशेब असा: ज्यावर माणूस उभा राहतो किंवा ज्याला बोल्ट धरलाय, तिथला गोल फुली समजायचा. बाकी ठिकाणी गंज घासून काढून त्यावर फॉस्फरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर चालतं. ते उरलेल्या गंजाचं फॉस्फेट करतं, पत्रा काळसर पडतो, मग त्यावर अस्तर, म्हणजे प्रायमर, मारायचं. पापुद्र्यावरच ओतलं तर वरचा थर काळा होतो आणि खाली कारखाना चालूच राहतो.

दोन पत्रे एकमेकांवर जिथं बसतात तिथं कड फुगलेली दिसली तर समजा की आत गंज भरलाय. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि वेल्ड केलेली सांधसुद्धा उकलून टाकतो. अशी सांध वरून रंगवून भागत नाही, उघडावीच लागते.

मागचा फाळका ओल्या पॉलिश पेपरनं घासताना रंगाचे थर निघत गेले. हिरवा, त्याखाली मातकट, त्याखाली पुन्हा हिरवा. आणि त्या शेवटच्या हिरव्यात, पाणी ओतलं की स्पष्ट आणि वाळलं की पुसट, पांढरा बाण: टोक वर केलेला, पुढं ७१. लष्कराच्या नंबरात बाणाच्या पुढं वर्षाचे दोन आकडे असतात. भाच्याचे डोळे चमकले. "मामा, ७१ च्या लढाईतली!" म्हटलं, अरे बाबा, ते वर्ष फौजेत दाखल झाल्याचं. पुढं ती सरहद्दीवर गेली का डेपोत उभी राहिली, हे पत्रा सांगत नाही. त्यानं फोटो काढला, मग आम्ही तो घासून टाकला. दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

हे घासणं कोरडं करू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि लष्करी गाड्यांवरच्या पिवळसर झिंक क्रोमेट अस्तराची धूळ तर फुप्फुसाला विषच. पाणी लावून घासा, चांगला मास्क घाला, उपरणं गुंडाळून भागत नाही, आणि पोरांना लांब ठेवा. गाळ पेपरवर गोळा करा, गुरांच्या हौदाकडं वाहू देऊ नका.

ठिणगी पडण्याआधी

पेट्रोलची टाकी काढा. या जीपमध्ये ती ड्रायव्हरच्या सीटखालीच असते, म्हणजे आपण जिथं वेल्ड करणार तिथंच. "रिकामी केलीय की" हे मला सांगू नका. भरल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट, कारण आत वाफ कोंडलेली असते आणि स्फोट वाफेचा होतो. टाकी, पेट्रोलचा पाइप, दोन्ही काढून अंगणाबाहेर. बॅटरीही काढून ठेवा. जवळ दोन बादल्या पाणी, एक घमेलं वाळू आणि शेजारी एक रिकामा माणूस ठेवा, ज्याला फक्त ठिणग्या कुठं जातायत ते बघायचंय. ग्राइंडरची ठिणगी वीस-वीस फूट जाते. आमची कडब्याची गंजी पंचवीस पावलांवर होती, तरी मी तिच्याकडं तोंड करून चकती चालवली नाही. गंज काढायला जाऊन गंजी पेटवली असं गावात नको व्हायला. पापडांचं मात्र राहून गेलं. उन्हाळ्यात बाजेवर वाळत घातलेल्या पापडांवर काळी पूड बसली आणि "अहो, तुमची ती मिलिटरी उचला इथून" हे मी आठवडाभर ऐकलं.

जुने बोल्ट सुटणार नाहीत. आदल्या रात्री डिझेल किंवा गंजतेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा, मग आधी थोडं आवळून बघा आणि नंतर सोडा. आवळताना कडकन आवाज आला की निम्मं काम झालं. नाहीच ऐकलं तर डोकं कापा. बॉडीचे बोल्ट नवे मिळतात, त्यांच्यासाठी पत्रा फाडू नका. प्रत्येक बोल्ट-नट औषधाच्या प्लॅस्टिक पिशवीत, चिठ्ठी लिहून. पहिल्या दिवशी वाटतं सगळं लक्षात राहील. राहत नाही.

पत्रा कोणता

जालना आम्हाला हाकेच्या अंतरावर, लोखंडाचं गाव. पण तिथल्या मिलांचं नाव सळईसाठी. आपल्याला पाहिजे सीआर, म्हणजे थंड लाटलेला पत्रा, गुळगुळीत, काळा नाही. जाडी १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर. दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका, व्हर्निअर खिशात ठेवा आणि गाडीच्या चांगल्या जागेचा पत्रा आधी स्वतः मोजा. २० गेजचा पातळ, म्हणून स्वस्त पडतो आणि चालताना डबडब वाजतो. घरावरून उरलेला जीआय पत्रा वापरायचा मोह सगळ्यांना होतो. त्यावर जस्त असतं; वेल्ड करताना पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. माझ्या उमेदवारीच्या काळात एकाला झालेला बघितलाय. नको.

कापणं आणि जोडणं

इथं घाई करू नका, सगळी मजा इथंच आहे.

फुली जिथं संपते तिथं कापून भागत नाही. तिथून बाहेर इंचभर, म्हणजे चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत जायचं. कडेला पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्ड टिकत नाही, नुसती भोकं पडत जातात आणि आपण भोकांच्या मागं धावत राहतो. चार इंची ग्राइंडर, एक मिलिमीटरची पातळ कटिंग चकती, चष्मा आणि वर तोंडाला शिल्ड. चकती फुटते तेव्हा नुसता चष्मा पुरत नाही.

तुकड्याचे कोपरे काटकोनी ठेवू नका, गोल करा. टोकदार कोपऱ्यात वेल्डची उष्णता साचते आणि पुढं तडा तिथूनच निघतो. मी कोपऱ्यावर बांगडी ठेवून रेघ मारली. ठिगळाचं माप आधी पुठ्ठ्यावर काढायचं. मोठ्या तुकड्याला फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, छोट्याला लग्नपत्रिका. पत्रिकांसारखा कडक कागद दुसरा नाही, आणि आपल्याकडं त्यांची टंचाई कधी पडत नाही. पुठ्ठा बरोबर बसेपर्यंत कापत राहा, मग त्यावरून पत्रा.

आता मुख्य गोष्ट. ठिगळ भोकावर ठेवून कडेनं वेल्ड मारायचं, ही रीत गावोगाव चालते. लवकर होतं, भोकही पडत नाही. पण दोन पत्र्यांच्या मध्ये जी फट राहते तिथं पाणी शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते. तीन पावसाळ्यांत जुनं भोक आणि नवं ठिगळ, दोन्ही जातात. ठिगळ भोकात बसवायचं, कडेला कड लावून. मधली फट हॅक्सॉ ब्लेडच्या जाडीएवढी. ब्लेडचाच तुकडा मध्ये धरा आणि टाका मारला की काढून घ्या.

घरी सीओटूचं, म्हणजे वायरवर चालणारं वेल्डिंग मशीन असेल तर ०.८ मिलिमीटरची वायर पुरते. टाका एक सेकंदाचा. एक इथं, दुसरा समोरच्या बाजूला, तिसरा तिसऱ्याच कोपऱ्यात. वाकळेला आधी लांब धावदोरा घालून मग दाट टीप मारतात तसं. शेजारी-शेजारी टाके मारत गेलात तर पत्रा तापतो, फुगतो आणि मध्ये डबा होतो, तो मग जन्मभर टिंग-टांग करतो. चार टाके मारले की हात लावून बघायचं. हात ठेववत नसेल तर तंबाखू मळा, चहा घ्या. ओलं फडकं लावून गार करू नका. वेल्ड थंड होताना आकसतो आणि पत्रा आपल्याकडं ओढतो, म्हणून मागं डॉली, म्हणजे हातात मावणारा जड लोखंडी ठोकळा, धरून वेल्डवर हलके ठोके देत गेलं की तो थोडा पसरतो आणि ओढ कमी होते. डॉली नसेल तर रेल्वेच्या रुळाचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा चालतो. आमच्याकडं आजोबांपासून एक आहे, कुठून आला ते विचारायचं नाही.

नुसतं साधं वेल्डिंग असेल, म्हणजे छोटा इन्व्हर्टर आणि रॉड, तरी काम होतं, पण हात कसलेला लागतो. दोन मिलिमीटरचा ६०१३ रॉड घ्या, ४०-५० ॲम्पिअर ठेवा, आणि भोक पडू नये म्हणून मागून तांब्याचा पत्रा दाबून धरा. तांबं उष्णता पिऊन घेतं आणि वेल्ड त्याला चिकटत नाही. आमच्या माळ्यावर फुटका बंब होता, न्हाणीघरातला, आईच्या वेळचा. त्याचा हातभर पत्रा कापून लाकडी मुठीला खिळला. ज्या बंबानं तीस माणसांच्या आंघोळीचं पाणी तापवलं, त्यानं म्हातारपणी जीपचं वेल्ड गार केलं.

वेल्डिंगला वेळ बघून बसा. शेतातल्या मोटारी चालू असल्या की आमच्याकडं व्होल्टेज पडतं, रॉड चिकटत राहतो आणि आपण मशीनला शिव्या देतो.

फरशीखालच्या टोप्यांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण जीप खरी सडते ती तिथून. फरशीला खालून आडव्या पट्ट्या असतात, टोपीच्या आकाराच्या: मध्ये पन्हळ आणि दोन्हीकडं काठ. काठ फरशीला स्पॉट वेल्डनं चिकटवलेले. त्यांच्यावरच फरशीची ताकद. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये या पन्हळात लाकूड भरलेलं असायचं. ते पाणी पिऊन बसायचं आणि टोपी आतून खायचं. आमच्या जीपमध्ये लाकूड नव्हतं, पण ती कसर काळ्या मातीनं भरून काढलेली. टोपी कापली तर आतून विटेसारखी पक्की माती निघाली, तिला पत्र्याचा आकार आलेला. पत्रा गेला होता, मातीच फरशी धरून होती.

टोपी बदलताना एकावेळी एकच काढा. आधी सीटच्या मागून पुढपर्यंत अँगलचा तुकडा टाका मारून लावा, नाहीतर सगळा टब, म्हणजे जीपची बॉडी, हळूच वाकतो आणि ते शेवटी, बोल्ट बसेनासे झाले की कळतं. रोज सकाळी सुतळीनं दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले पाहिजेत. स्पॉट वेल्ड आठ मिलिमीटरच्या ड्रिलनं सोडवा. नवी टोपी घरी हातोडीनं वळवत बसू नका; जालन्याच्या एमआयडीसीत बेंडिंग मशीनवर तासाभरात वळून मिळते, १६ गेजमध्ये. तिच्या काठांना दर दीड-दोन इंचावर भोकं पाडा, आतल्या बाजूला, ज्याच्यावरून वेल्ड मारता येतं असं जस्ताचं अस्तर मारा, जागेवर शिकंज्यानं दाबा आणि ती भोकं वेल्डनं भरा. आणि दोन्ही टोकांना, खालच्या बाजूला, दहा मिलिमीटरचं भोक. कारखान्यानं दिलेली भोकं असतील तर ती उघडी करा. पाणी आत जाणारच आहे, त्याला बाहेर यायची वाट ठेवा.

कड्या, बिजागऱ्या, ब्रॅकेट यांना घासत बसू नका. प्लॅस्टिकच्या टबात कोमट पाणी घ्या, लिटरला पन्नास ग्रॅम लिंबूसत टाका आणि रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी ब्रश मारा, सोड्याच्या पाण्यात खळबळा, लगेच पुसून उन्हात ठेवा. तासभर विसरलात तर पुन्हा तांबूस होतं. स्प्रिंगा यात टाकू नका, कडक पोलाद ॲसिडनं ठिसूळ होतं.

अस्तर, आणि माझा वाया गेलेला उन्हाळा

पहिल्या वर्षी वेल्डिंग संपलं तेव्हा मृग तोंडावर आलेला. मी विचार केला, सध्या रेड ऑक्साइडचं अस्तर मारून ठेवू, रंग दिवाळीनंतर. दोन हात मारले, शेडमध्ये उभी केली. आषाढ-श्रावण गेला. भाद्रपदात बघतो तर लाल अस्तरातून गंजाचे ठिपके वर आलेले, देवी आलेल्या पोराच्या अंगासारखे. साधं अस्तर ओल आत जाऊ देतं. त्याच्यावर रंगाचा पापुद्रा नसेल तर ते पावसाळा काढत नाही. मला हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही, कंटाळा आला होता. पुढच्या उन्हाळ्यात सगळं घासून पुन्हा.

तर, उघडा पत्रा त्याच दिवशी झाकायचा. ग्राइंड करून, थिनरच्या स्वच्छ फडक्यानं पुसून, हात न लावता, दोन भागांचं इपॉक्सी अस्तर. डब्यावर जे प्रमाण छापलंय तेच घ्यायचं, अंदाजपंचे नाही, आणि कालवलेलं उरलं तर उद्यासाठी ठेवता येत नाही. अस्तर वाळलं की प्रत्येक सांधीत पीयू सीलंट, म्हणजे सांध बुजवायचं रबरासारखं लुकण, बोटानं दाबून भरा, वरून आणि खालून. मग लांबी.

लांबीला माझा विरोध नाही, तिच्याकडून पत्र्याचं काम करून घ्यायला आहे. वेल्ड सपाट केल्यावर जो बारीक उंच-सखलपणा राहतो तेवढ्यापुरतीच, दोन-तीन मिलिमीटरच्या वर नाही, आणि इपॉक्सीच्या वर. उघड्या पत्र्यावर लावू नका, कारण लांबी पाणी शोषते. मे महिन्यात हार्डनर जरा कमी टाका आणि लिंबाएवढीच कालवा. चार शब्द बोलून होईपर्यंत ती दगड होते.

रंगाची वेळही सांगतो. पौषात पहाटे पत्र्यावर दव असतं, डोळ्यांना दिसत नाही, फुंकर मारली की कळतं. तेव्हा ऊन चढू द्या. वैशाखात उलटं: दहानंतर पत्रा तव्यासारखा तापतो, फवारा पोचायच्या आत थिनर उडून जातं आणि रंग पिठासारखा बसतो. सकाळी सहा ते आठ, वारा सुटायच्या आत, आधी अंगणात सडा टाकून. सगळ्यात चांगला काळ माझ्या मते फाल्गुन.

रंग कोणता यावर घरात खूप चर्चा झाली. भाच्याला हिरवाच पाहिजे होता, लष्कराचा. तो देता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यातला १२१ वा नियम सरळ सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुणी ऑलिव्ह ग्रीन रंग वापरायचा नाही. शिवाय आरसी बुकात जो रंग लिहिलाय तोच गाडीवर पाहिजे, बदलायचा तर आधी आरटीओ. आमच्या बुकात राखाडी होता. राखाडीच दिला, अर्धवट चमकीचा. एकदम मॅट दिसतो झकास, पण धूळ-ओल धरतो आणि फडकं मारलं की डाग उठतो.

रंग पक्का झाल्यावर टोप्यांच्या आत, चॅसिसच्या पोकळीत लांब नळीनं कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं मेण, मारा. जळकं इंजिन ऑइल ओतायची पद्धत आहे, मी करत नाही; ते महिनाभर अंगणात ठिबकत राहतं, मातीही नासते आणि धूळ धरून पुन्हा तोच लगदा होतो. वॅक्स मारून झालं की पाणी जायच्या भोकांतून तार फिरवा, नाहीतर तुमच्याच हातानं ती बुजलेली असतात.

आणि गाडी भाच्याच्या हातात देण्याआधी एक बादली पाणी फरशीवर ओता आणि खाली जाऊन झोपा. आमच्या जीपला टोप्यांची आठ भोकं. सातांतून धार लागली. आठवं, ड्रायव्हरच्या मागचं, नुसतं ठिबकत होतं. मी तार घातली, काहीतरी कडक लागलं, जरा फिरवली, आणि वॅक्समध्ये माखलेलं मोसंबीचं बी माझ्या कपाळावर पडलं. त्याच्या मागोमाग पाणी.